यूपीआय कायम फुकटच राहावं का? आणि नसेल, तर पैसे कुणी द्यायचे?

रानवाटा

मंडळी, यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेणार अशी बातमी दर काही महिन्यांनी येते, लोक चिडतात, अर्थ मंत्रालय खुलासा करतं आणि विषय थंड होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने शुल्कांबद्दल चर्चापत्र काढलं तेव्हा हेच झालं, जून २०२५ मध्येही हेच. मूळ प्रश्नावर मात्र शांतपणे कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. कार्डाने पैसे दिले की दुकानदाराच्या रकमेतून थोडा भाग कापला जातो, त्याला एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य केला. खर्च मात्र शून्य झाला नाही. बँकांचे सर्व्हर, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा, फसवणूक रोखणारी माणसं, दुकानात जाऊन क्यूआर लावणारी पोरं, सगळ्यांना पैसे लागतातच. त्यासाठी केंद्र सरकार प्रोत्साहन रक्कम देतं. २०२३-२४ साठी ती ३,६३१ कोटी होती. २०२४-२५ साठी मंजूर झाले अंदाजे १,५०० कोटी, तेही फक्त लहान दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर, ०.१५ टक्क्याने. आणि याच काळात व्यवहार किती वाढले? ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले.

माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या मॉलवाल्यांनी, ऑनलाइन कंपन्यांनी, विमा कंपन्यांनी थोडं शुल्क द्यावं. भाजीवाली, चहावाला, किराणावाला यांना ते कायमचं माफ असावं, आणि ही माफी कायद्यात लिहिलेली असावी, दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर लटकलेली नको. तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडा

पहिला! शुल्क लागलं तर आमच्या बिल्डिंगमधले लोक वर्गणी द्यायला नवीन कारण शोधतील एवढं नक्की. (दिवे घ्या.)

किराणा_कट्टा

रानवाटा, चांगला विषय. माझं सोलापुरात किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानाच्या आतली बाजू सांगतो.

लोकांना वाटतं यूपीआय आम्हाला फुकट पडतं. तो बोलणारा डबा आहे ना, "इतके रुपये प्राप्त झाले" म्हणणारा, त्याचं महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडं आहे. दोन काउंटर, दोन डबे. डबा नको म्हणावं तर गर्दीच्या वेळी खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे असतात, म्हणून तो लागतोच. म्हणजे शुल्क शून्य आहे, पण भाडं आहेच.

दुसरं. हल्ली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक त्याच क्यूआरवर स्कॅन करतं, डबा तेच बोलतो, पण २,००० च्या वरचं बिल असेल तर माझ्या खात्यात पैसे कापून येतात. गिऱ्हाईकाने कशातून दिले हे मला त्या क्षणी कळतच नाही. तेल, साखर, डाळ यांवर दोन-तीन टक्के सुटतात. त्यातला एक-दीड टक्का कुठे गेला हे रात्री हिशोबाला बसल्यावर समजायचं, हे मला मान्य नाही.

तुमच्या मोठे-लहान विभागणीला माझा विरोध नाही. पण "मोठा" कोण हे ठरवायला बसलात की पहिल्यांदा माझ्यासारखा मधला सापडतो.

नलूताई_चिपळूण

मी निवृत्त शिक्षिका. मला हे शुल्कबिल्क फार कळत नाही, पण एक सांगते. पूर्वी रिक्षावाल्याकडे, वाण्याकडे सुटे पैसे नसायचे आणि दोन रुपयांच्या बदल्यात गोळी हातावर यायची. मधुमेही माणसाने त्या गोळ्यांचं काय करावं? यूपीआय आल्यापासून तेवीस रुपये म्हणजे तेवीसच. एवढ्यासाठीसुद्धा मी या सोयीची ऋणी आहे.

एसटीप्रेमी

नलूताई, अगदी! एसटीत कंडक्टर आणि प्रवासी यांची निम्मी भांडणं सुट्या पैशांवरून व्हायची. तिकिटाच्या मागे "बाकी १६ रु." लिहून द्यायचे आणि उतरताना आपण विसरायचो. आता तिकीट मशीनवर क्यूआर येतो, तेवढंच तिकीट, तेवढेच पैसे. घाटात रेंज गेली की मात्र कंडक्टर आणि प्रवासी दोघेही एकमेकांकडे बघत बसतात. वरंध्यात हे हमखास.

मेळघाटी

घाटाचं काय घेऊन बसले राजेहो, आमच्या धारणीकडल्या काही गावांत रेंज शोधायला टेकडीवर जावं लागते. बाजाराच्या दिवशी सगळे एकदम मोबाइल काढतात अन् चाक फिरत राहते. पैसे कापले गेले, पोचले नाही, असं झालं की मजुराची त्या दिवसाची मजुरीच अडकते. परत येते, पण घरी चूल आज पेटवायची असते.

साध्या फोनवरून चालणारं यूपीआय १२३पे मार्च २०२२ मध्ये आलं, *९९# त्याच्याही आधीपासून आहे. बाजारात कुणाला विचारा, माहीत नसते. शुल्क घ्यायचंच असेल तर तो पैसा इकडे लावा. शहरातला व्यवहार दोन सेकंदांऐवजी एका सेकंदात झाला काय, आम्हाला काय फरक पडते?

चक्रवाढ

एका बँकेच्या पेमेंट विभागात काम करतो (नाव विचारू नका). दोन गोष्टी मांडतो.

एक व्यवहार म्हणजे एक संदेश नसतो. तुमच्या ॲपकडून ॲपच्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयकडे, मग तुमच्या बँकेत पैसे वजा, समोरच्या बँकेत जमा, मग सगळीकडे पोचपावती. दहा रुपयांच्या चहालाही तेवढंच काम आणि दहा हजारांच्या मोबाइललाही तेवढंच. कार्डाच्या काळात मोठ्या बिलाच्या कमाईतून छोट्याचा खर्च निघायचा. आता कमाईच नाही, आणि संख्या सगळी छोट्या व्यवहारांची.

१२ एप्रिल २०२५ आठवतो? यूपीआय काही तास कोलमडलं होतं. काही बँकांकडून "व्यवहार झाला का, झाला का" अशी स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला आणि यंत्रणा गुदमरली. त्यानंतर १ ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसात ५० वेळाच शिल्लक तपासता येईल असे नियम आले. लोक हसले, पण शिल्लक बघण्याचंही ओझं असतं, आणि ते वाहणाऱ्या बँकेला त्यातून एक पैसा मिळत नाही.

आणखी एक. सरकारी प्रोत्साहनातले २० टक्के बँकेला पूर्ण तेव्हाच मिळतात जेव्हा तांत्रिक बिघाडाचं प्रमाण ०.७५ टक्क्याच्या खाली आणि यंत्रणा ९९.५ टक्क्यांहून जास्त वेळ सुरू असते. अट योग्यच आहे. पण रक्कमच आटत गेली तर अटीला काय वजन राहणार? रानवाटांशी सहमत. कायमचा पैसा लागतो.

अक्षरगंधा

चक्रवाढ, प्रतिसाद आवडला, पण बँकांची बाजू मला अर्धीच पटते. यूपीआयमुळे बँकांचं काहीच वाचलं नाही का? एटीएममध्ये नोटा भरायच्या गाड्या, रोखपालाचा वेळ, चेकचा कागद, हे सगळं कमी झालं. शिवाय लोक पैसे काढून घरात ठेवत नाहीत, बचत खात्यात ठेवतात, तिथे त्यांना तुम्ही किती व्याज देता?

आणि रोख तरी कुठे फुकट आहे? २०२४-२५ मध्ये नुसत्या नोटा छापायला रिझर्व्ह बँकेला ६,३७२ कोटींहून जास्त खर्च आला. तो कुणी दुकानदाराकडून वसूल करत नाही. नोट ही सार्वजनिक सोय म्हणून आपण तिचा खर्च देश म्हणून उचलतो. मग यूपीआयचा का नको? माझं मत रानवाटांच्या विरुद्ध आहे: पूर्ण फुकट ठेवा आणि खर्च सरकारने उचलावा, १,५०० कोटींचा तुकडा टाकून नव्हे, पुरेसा.

घाटमाथा

अक्षरगंधा यांना +१.

आणि एकदा शुल्काला वाट करून दिली की ती रुंद होत जाते. एटीएमचं आठवा. १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढणं फुकट झालं, किती टाळ्या पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महिन्यातून पाचच वेळा अशी मर्यादा आली. मग महानगरांत तीनच वेळा. मग वरच्या प्रत्येक वेळेला पैसे, तेही वाढत वाढत १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत. आज "फक्त मोठ्यांकडून" म्हणाल, उद्या मध्यम येतील, परवा आपण.

रानवाटा

घाटमाथा, एटीएमचं उदाहरण मनाला लागलं, खोटं का बोलू. म्हणूनच मी म्हणतोय की माफी कायद्यात हवी. परिपत्रकाने दिलेली सवलत परिपत्रकाने जाते.

अक्षरगंधा, नोटांची तुलना मला अपुरी वाटते. नोट एकदा छापली की अनेक वर्षं शेकडो हातांतून फिरते. यूपीआयचा खर्च प्रत्येक व्यवहाराला नव्याने होतो. आणि सरकारी पैसा म्हणजे आपलाच. जो शेतमजूर महिन्यात चार वेळा यूपीआय वापरतो त्याच्याही साबणावरच्या करातून, एका दमात लाखाची खरेदी घेणाऱ्या दालनाचा खर्च का भागवायचा?

हिशेबनीस

कर सल्लागार आहे. वर कुणीच न काढलेला मुद्दा काढतो, कारण माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या दुकानदाराला शुल्काची भीती फारशी नाही. त्याला भीती आहे ती नोंदीची.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं बघा. यूपीआयवरच्या जमेवरून राज्याच्या कर विभागाने लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या. बेंगळुरूत गाड्यांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या, क्यूआर काढून टाकले गेले. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. कायदा सांगतो की मालाच्या विक्रीत ४० लाख आणि सेवेत २० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी लागते. पण खात्यात आलेली प्रत्येक रक्कम म्हणजे उलाढाल नव्हे. मेव्हण्याने परत केलेले उसने पैसेही त्याच क्यूआरवर येतात. आणि ताजी भाजी तर करमुक्त आहे, तिची जमा कितीही असो.

दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे कुणी घाबरून क्यूआर उतरवायला नको. प्राप्तिकराच्या अनुमानित पद्धतीत (म्हणजे सविस्तर हिशोबाऐवजी विक्रीवरून ठरावीक नफा धरायचा) रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, डिजिटल विक्रीवर ६ टक्के. रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर या पद्धतीची मर्यादा २ कोटींवरून ३ कोटींवर जाते. म्हणजे यूपीआय घेणाऱ्याला कायद्यानेच सवलत दिली आहे. मी माझ्या प्रत्येक अशिलाला एकच सांगतो: दुकानाचं खातं वेगळं, घरचं वेगळं. आजच करा.

पोळीभाजी_केंद्र

हिशेबनीस दादा, खरंय. आमच्या बचत गटाचं पोळीभाजी केंद्र आहे. आधी सगळं वहीत. कर्ज मागायला गेलो की साहेब वही बघून नुसतं हसायचे. नंतर गटाच्या नावाने वेगळं खातं काढलं, सगळी जमा तिथेच घेतली, आणि पुढच्या वेळी खात्याचा उतारा समोर ठेवला तेव्हा साहेबांनीच चहा मागवला. आमच्या शेजारच्या गाडीवाल्या ताईंना फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी कर्जयोजनेतून पहिले दहा हजार मिळाले होते, वर डिजिटल व्यवहारांसाठी महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतही यायचे. बाईमाणसाच्या कष्टाचा पुरावा पहिल्यांदाच कुठेतरी उमटतोय, त्यामुळे यूपीआय बंद पडू नये एवढंच मला वाटतं. फुकट की विकत, ते नंतर.

तिरपागडा

साहेबांनी चहा मागवला आणि पैसे कुणी दिले ते नाही सांगितलंत!

पोळीभाजी_केंद्र

साहेबांनीच. यूपीआयने. 😄

सांजवात

थोडं अवांतर, पण इथल्या वयस्क सदस्यांसाठी आवश्यक. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी जुना सोफा विकायला काढला. फोनवरच्या माणसाने क्यूआर पाठवला, "स्कॅन करा, पिन टाका, तुमचे पैसे येतील." सुनेने वेळेवर फोन काढून घेतला. लक्षात ठेवा: पैसे घेताना पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आणि ओळखीचा-अनोळखी कुणीही ॲपवरून पैशांची मागणी पाठवायचा ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे, ते फार बरं झालं.

किराणा_कट्टा

सांजवात ताई, फसवणुकीचं दुसरं टोक आमच्याकडं येतं. कुणीतरी कुणाला तरी फसवतं, त्या पैशातला तीन-चारशेचा माल माझ्याकडून घेतं. मला काय माहीत? आणि एक दिवस दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरून माझं अख्खं खातं गोठतं. माझ्या ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याचं असं झालं. बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलीस म्हणतात तिकडच्या ठाण्याला लिहा. बिचाऱ्याने दिवाळीचा माल उसनवारीवर भरला. वादातली रक्कम रोखून धरा ना, खात्याला कुलूप कशाला? शुल्काच्या पैशातून ही तक्रार ऐकणारी माणसं नेमणार असाल तर मी पहिला सही करतो.

दूरदेशी

ब्राझीलमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स नावाची अशीच यंत्रणा आणली. सामान्य माणसाला फुकट, व्यापाऱ्याकडून मात्र बँक शुल्क घेऊ शकते. तरीही पिक्स तिथे घराघरांत पोचलं. त्यामुळे शुल्क आलं की लोक पळतील, हे गृहीत धरायचं कारण नाही.

आणखी एक काळजी कुणी मांडली नाही. आपल्याकडे दोनच ॲप मिळून जवळपास ऐंशी टक्के व्यवहार हाताळतात. एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा घालायचं एनपीसीआयने २०२० मध्ये जाहीर केलं, मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ वर गेली. कमाईच नसेल तर नवा खेळाडू कशाला उतरेल? तोटा सोसायची ताकद फक्त खोल खिशाच्या कंपन्यांकडे असते. फुकटपणाने स्पर्धा मारली, असं माझं ठाम मत आहे.

घाटमाथा

दूरदेशी, मुद्दा मान्य. याचा विचार मी केला नव्हता. पण मग सरकारी भीम ॲप का नाही जोमाने पुढे आणत? ३० डिसेंबर २०१६ ला आलं, सुरुवातीला बऱ्याच लोकांनी तेच घेतलं होतं.

अक्षरगंधा

हो, भीम आजही साधं आणि जाहिरातमुक्त वाटतं. बाकीच्या ॲपमध्ये पैसे पाठवायचं बटण शोधेपर्यंत सोनं, कर्ज, विमा सगळं डोळ्यांसमोरून जातं. फुकट सेवेची किंमत आपण तिथे मोजतोय.

चक्रवाढ

अक्षरगंधा, म्हणूनच ती कर्जाची दुकानं तिथे उघडली आहेत. आणि किराणा_कट्टा यांचं डब्याचं भाडं हाही त्यातलाच भाग. समोरच्या दाराने घेता येत नाही म्हणून मागच्या दाराने घेतात. शुल्क जाहीर, छोटं आणि मोठ्यांपुरतं असेल तर मागचं दार बंद करा असं नियामकाला म्हणता तरी येईल.

जाता जाता: छोट्या रकमांसाठी सगळ्यांनी यूपीआय लाइट वापरा. १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात, त्यासाठी ॲपमध्येच ५,००० पर्यंत शिल्लक ठेवता येते. बँकेच्या मुख्य यंत्रणेवर प्रत्येक चहाचा भार पडत नाही, आणि तुमचा खातेउताराही सुटसुटीत राहतो.

नलूताई_चिपळूण

लाइट आत्ताच सुरू केलं. भाचीने करून दिलं. छान आहे.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नावर येऊ. रेषा कुठे आखायची? १ जानेवारी २०१८ पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डासाठी अशी रेषा आखली होतीच: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढालीच्या दुकानाला क्यूआरवर जास्तीत जास्त ०.३० टक्के, त्यावरच्यांना ०.८० टक्के. म्हणजे लहान-मोठ्याचा फरक करणं आपल्याला नवीन नाही.

हिशेबनीस

२० लाखांची रेषा आता चालणार नाही. महागाईने साधा किराणावालाही ती ओलांडतो. शिवाय उलाढाल बघायची म्हटलं की बँक दुकानदाराला त्याचा आकडा विचारणार, आणि कर्नाटकची आठवण ताजी असताना तो खरा आकडा सांगणार नाही. चार क्यूआर चार नातेवाइकांच्या नावाने लावेल. माझ्या मते रेषा खूप वर आखा, जिथे लपवायला जागाच नाही. कायद्यात एक रेषा तयार आहे: ५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायांना यूपीआय आणि रुपेची सोय देणं आधीच बंधनकारक आहे. त्यांचे ताळेबंद तपासलेले असतात. शुल्क फक्त त्यांच्याकडून घ्या, बाकी कुणाला काही विचारूच नका.

अक्षरगंधा

५० कोटी? तिथपर्यंत माझी हरकत नाही. पण त्यांनी ते शुल्क बिलात वेगळं लावून ग्राहकाकडून घेतलं तर? पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाचं असंच व्हायचं.

दूरदेशी

तेही कायद्यातच बंद करायचं. दुकानदाराने ग्राहकावर टाकायचं नाही, आणि टाकलं तर तक्रार करायला एकच ठिकाण.

मेळघाटी

अन् त्यातला ठरलेला हिस्सा रेंज नसलेल्या गावांसाठी. लिहून ठेवा, नाहीतर विसरता तुम्ही लोक.

किराणा_कट्टा

५० कोटींची रेषा मला चालेल, मी त्याच्या जवळपासही नाही. 🙂 पण आमच्या बाजूने तीन मागण्या नोंदवतो. डब्याचं भाडं बंद, किंवा दुकानदाराला स्वतःचा डबा एकदाच विकत घेता यावा. क्रेडिट कार्डावरून पैसे आले तर डब्याने तेही बोलावं, म्हणजे कापले किती ते गिऱ्हाईक समोर असतानाच कळेल. आणि खातं न गोठवता फक्त वादातली रक्कम अडवावी. एवढं होणार असेल तर आमच्या गल्लीतल्या दुकानदारांच्या सह्या मी गोळा करतो. निवेदन कुणी लिहून देईल का?

हिशेबनीस

मी देतो. तिसऱ्या मागणीसाठी तुमच्या त्या मोबाइलवाल्याची कागदपत्रं लागतील, नाव झाकून पाठवा. रिझर्व्ह बँक आणि अर्थ मंत्रालय, दोघांच्या नावे काढू.